चेहऱ्याच्या कॉस्मेटिक सर्जरीनंतर आरशाचं कधी ऐकायचं

मी प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत ड्रेसिंगचं काम बघते. सर्जन ऑपरेशन आटोपून पुढच्या केसकडे वळतात. टाके काढायला, पट्ट्या सोडवायला आणि "सिस्टर, हे असंच राहणार का?" या प्रश्नाला तोंड द्यायला मी असते. हा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी येतो, स्प्लिंट (नाकावर बसवलेला कडक आधार) निघाल्यावर येतो किंवा दोन-तीन आठवड्यांनी येतो. या तिन्ही वेळी चेहरा अजून भरून यायचा असतो. नाक असो, पापण्या असोत की फेसलिफ्ट, माझ्यासमोर रडवेले होऊन बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. त्यांनी निकाल फार लवकर लावलेला असतो, एवढंच. म्हणून ऑपरेशनआधी काय मागायचं, नंतर काय सोसायचं आणि आरसा खरं कधी बोलायला लागतो, हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सर्जनसमोर बसण्याआधी

नेमकं काय बदलायचंय ते एका वाक्यात लिहा. "चांगलं दिसायचंय" यातून सर्जनला काहीच कळत नाही, त्यावर कुठे रेघ मारायची? "बाजूने बघितलं की नाकाच्या हाडावरचा उंचवटा दिसतो, तो नको" यावर काम करता येतं. "वरच्या पापणीची सैल कातडी केसांवर टेकते आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होतात" यावरही करता येतं. "नवरा परत लक्ष द्यायला लागेल" किंवा "मुलाखतीत निवड होईल" असं काही त्या वाक्यात डोकावलं, तर तारीख घ्यायची घाई करू नका. असं वाटण्यात लाज काही नाही, पण त्यासाठी लागणारं हत्यार आमच्या ट्रेमध्ये नसतं.

मग प्रत्येक ऑपरेशनची हद्द समजून घ्या. खालच्या पापणीच्या ऑपरेशनने डोळ्यांखालच्या पिशव्या कमी होतात. हसताना कोपऱ्यात पडणाऱ्या रेषा तशाच राहतात आणि त्वचेच्या रंगद्रव्यामुळे आलेली काळी वर्तुळंही जात नाहीत. फेसलिफ्टने जबड्याच्या कडेला आणि मानेला लोंबणारा भाग वर ओढला जातो, पण उन्हाचे डाग, त्वचेचा खरबरीतपणा, ओठांवरच्या बारीक उभ्या रेषा त्याने सुटत नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवसापासून वय पुन्हा वाढायला लागतं. नाकाची गोष्ट वेगळी. आतली कूर्चा (नाकाला आकार देणारा हाडासारखा पण लवचीक भाग) कितीही कोरीव केली तरी वरची कातडी जाड असेल तर तो कोरीवपणा बाहेर दिसत नाही. जाड कातडीच्या माणसाला पातळ कातडीच्या माणसाचा टोकदार शेंडा मिळत नाही, मग सर्जन कोणीही असो. हे आधी स्पष्ट सांगणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

नटनट्यांचे फोटो घेऊन जायला हरकत नाही, कल कळतो. पण हाडं तुमची, कातडी तुमची. कॉम्प्युटरवर नाक बारीक करून दाखवतात, ते चित्रही बोलण्याच्या सोयीसाठी असतं. ते चित्र म्हणजे करार नव्हे. सूज, व्रण आणि कातडीचं आकसणं माउसच्या क्लिकवर चालत नाही.

सेल्फीवरून नाकाबद्दल मत बनवणाऱ्यांसाठी एक आकडा सांगते. साधारण ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा पाया दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतो, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं होतं. कॅमेरा जवळ असला की जे पुढे आहे ते फुगतं, दुसरं काही नाही. तेव्हा फोटो दुसऱ्याला काढायला सांगा. दीड मीटर अंतर, खिडकीचा उजेड, चेहरा निर्विकार. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि अर्धवट वळून. हे फोटो जपून ठेवा, पुढे लागतात.

ते फोटो हातात असतानाच आणखी एक काम उरका. डावी-उजवी बाजू ताडून बघा. एक भुवई वर, एक नाकपुडी मोठी, जबड्याची एक बाजू भरलेली, यातलं काहीतरी सापडेलच, कारण दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असलेला चेहरा मी अजून पाहिलेला नाही. ऑपरेशननंतर माणूस आरशासमोर इतका वेळ घालवतो की वर्षानुवर्षांचा फरकही त्याला आत्ताच झाल्यासारखा वाटतो. "हा डोळा लहान केला तुम्ही" म्हणून आलेल्या कितीतरी लोकांना मी त्यांचेच जुने फोटो दाखवलेत. डोळा आधीपासूनच लहान असतो.

आता जरा नाजूक मुद्दा. चेहऱ्यावरच्या एखाद्या खोटीचा विचार रोज तासन् तास डोक्यात फिरत असेल, त्यापायी बाहेर जाणं टळत असेल, आणि ती खोट इतरांना मुश्किलीने दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो सर्जरीने क्वचितच बरा होतो. नाक झालं की नजर हनुवटीवर जाते. अशा वेळी सर्जनने ऑपरेशनला नकार दिला तर अपमान मानून दुसरा सर्जन शोधत फिरू नका.

सर्जनला विचारायच्या गोष्टींपैकी लोक विसरतात त्या सांगते. तुमच्यासारख्या कातडीच्या आणि वयाच्या पेशंटचे फोटो मागा, तेही एका वर्षानंतरचे. महिनाभरानंतरच्या फोटोवरून नाकाचं काही ठरत नाही. भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत तिथे असणार का, रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हे विचारा. आणि दुसऱ्यांदा दुरुस्ती करावी लागली तर खर्च कुणाचा, हे संकोच न करता विचारा. नाकाच्या बाबतीत शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना दुरुस्ती लागते असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. जगातल्या निष्णात सर्जनलाही हे चुकलेलं नाही.

तारीख ठरवताना

उलट मोजा. नाक आणि पापण्या यांच्यानंतर लोकांत मिसळायला साधारण दोन आठवडे, फेसलिफ्टनंतर दोन ते तीन. हे फक्त "काय झालं?" असं कुणी विचारू नये इतपत. ज्या समारंभाचे फोटो आयुष्यभर बघायचे आहेत त्याच्या आधी निदान तीन महिने मोकळे ठेवा, नाक असेल तर आणखी जास्त. "पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, तोवर होईल ना?" असं विचारणाऱ्याला मी सरळ कार्यक्रमानंतरची तारीख सुचवते.

आधीच्या चार आठवड्यांत

सिगारेट बंद. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालून सोडवलेली असते आणि तिला रक्त कडेकडेच्या त्याच बारीक वाहिन्यांतून मिळतं. तेवढं रक्तही तोडलं की कानामागची कातडी आधी जांभळी, मग काळी पडते आणि शेवटी ती गळून जखम उघडी पडते. अशी जखम महिनोन्महिने ड्रेसिंग मागते आणि जाताना रुंद व्रण ठेवून जाते. कमीत कमी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर काहीही ओढायचं नाही. व्हेप, निकोटिनचा पॅच, च्युइंगम हेही त्यातच आलं. आणि सोडलेली नसेल तर खरं सांगा, ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

तुम्ही जे जे घेता ते सगळं लिहून न्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, जडीबुटीची औषधं, यांतल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त जास्त वाहतं आणि त्या एक-दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. मात्र हृदयासाठी किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी दिलेलं औषध स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ते लिहून देणारे डॉक्टर आणि सर्जन यांना आपसात बोलू द्या. रक्तदाब आटोक्यात हवा. फेसलिफ्टनंतर कातडीखाली रक्त साठण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि पुरुषांमध्ये हा धोका बायकांपेक्षा जास्त असतो.

उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सहसा हलकं खाणं सहा तास आधी बंद, पाण्यासारखं स्वच्छ पेय दोन तास आधी बंद. तुम्हाला सांगितलेल्या वेळा वेगळ्या असतील तर त्याच पाळा.

घरची तयारी साधी असते पण ती कुणी करत नाही. समोरून बटणं असलेले शर्ट किंवा गाऊन काढून ठेवा. स्प्लिंट लावलेल्या नाकावरून टी-शर्ट ओढून काढायचा प्रयत्न केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पाठीला ३० ते ४५ अंशांचा उतार मिळेल अशा उशा रचून एक रात्र आधीच झोपून बघा. चावायला कमी लागेल असं खाणं, ओठांना लावायला मलम (नाक बंद असलं की तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि ओठ फुटतात), डोळ्यांचे थेंब, आणि बद्धकोष्ठाचं औषध. हे शेवटचं ऐकून लोक हसतात. वेदनाशामकांनी पोट बांधलं जातं, मग संडासला जोर करावा लागतो, आणि जोर केला की चेहऱ्यातला रक्ताचा दाब वाढतो. ताज्या जखमेला ते परवडत नाही. पहिले २४ तास तरी सोबत एक जाणतं माणूस हवंच. ते घाबरणारं असेल तर दुसरं शोधा.

पहिली रात्र ते तिसरा दिवस

दुखणं लोकांच्या कल्पनेपेक्षा कमी असतं. जडपणा, ताण आणि कोंडल्यासारखं वाटणं मात्र जास्त. नाकाच्या ऑपरेशननंतर नाकाखाली गॉझची घडी टेपने चिकटवलेली असते. ती गुलाबी, मग लालसर होते आणि दिवसातून बऱ्याच वेळा बदलावी लागते, यात घाबरण्यासारखं काही नाही. पापण्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत मलम असल्याने सगळं धूसर दिसतं. फेसलिफ्टनंतर डोक्याभोवती पट्टी असते आणि कधी कानामागून ड्रेनची, म्हणजे आत साठणारं रक्त बाहेर काढणारी, बारीक नळी निघालेली असते.

थंड शेक पहिले ४८ तास उपयोगी. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. तिथली संवेदना गेलेली असते, त्यामुळे कातडी गारठून इजा झाली तरी तुम्हाला कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं ओल्या थंड कापडाने शेका, मग विश्रांती. नाकावर स्प्लिंट असेल तर शेक डोळ्यांवर आणि गालांवर, स्प्लिंटवर वजन नको. खाली वाकायचं नाही, मूल उचलायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाक शिंकरणं निदान दोन आठवडे बंद. झोपून मात्र राहू नका. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात फिरा, पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते गरजेचं आहे.

तिसऱ्या दिवशी फोन येतो. "काल बरं होतं, आज जास्त सुजलंय, काहीतरी बिघडलं." नाही बिघडलं. सूज ४८ ते ७२ तासांत कळसाला जाते, त्यामुळे तिसऱ्या दिवसाचा चेहरा पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसणारच. ज्या कुशीवर झोपलात ती बाजू सकाळी जास्त फुगलेली असते आणि दुपारपर्यंत थोडी उतरते. नाकाचं ऑपरेशन झालेल्यांचे डोळे काळेनिळे होतात, कारण हाड नाकाच्या कडेला कापलेलं असतं आणि रक्त डोळ्यांखालच्या सैल जागेत झिरपतं. मग ते डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतात, फेसलिफ्टनंतर तर मानेवरून पार गळपट्टीच्या हाडापर्यंत. जांभळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा असा रंग बदलत गेला की समजायचं, शरीर सांडलेलं रक्त निस्तरतंय. बहुतेकांचं दहा ते चौदा दिवसांत हे उरकतं.

स्प्लिंट निघतो तो दिवस

हा दिवस जरा सावकाश सांगते, कारण सगळ्यांची सगळी आशा याच दिवसावर लागलेली असते. साधारण सातव्या दिवशी मी टेपच्या कडा सलाइनने भिजवते, थोडं थांबते, मग स्प्लिंट खालून वर अलगद सोडवते. खाली कातडी तेलकट असते, छिद्रं काळी पडलेली, एखाददुसरी पुटकुळीही. आठवडाभर न धुतलेली कातडी अशीच दिसणार. नाकाचा शेंडा ठरलेल्यापेक्षा वर उचललेला दिसतो, मधला भाग रुंद, दोन डोळ्यांमधला खळगा भरलेला. हात लावला तर नाक आपलं वाटतच नाही, बोटाला कळतं पण नाकाला कळत नाही. आणि आधार गेल्यामुळे पुढच्या दोन दिवसांत ते थोडं आणखी फुगतं.

म्हणून आरसा देण्याआधीच मी हे सगळं पेशंटला सांगून टाकते. आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला डोळ्यांनी खुणावते, की आत्ता तोंड बंद. "अगं, हे तर मोठंच दिसतंय" हे बहिणीचं एक वाक्य पुढचे दोन महिने डोक्यातून जात नाही. त्या दिवशी आरशात बघायचं ते एकाच गोष्टीसाठी: बाजूने बघितल्यावर उंचवटा गेला का. रुंदी, शेंडा, नाकपुड्या यांवर मत द्यायचा तो दिवस नव्हे.

पापण्यांचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. डोळे काही दिवस पूर्ण मिटत नाहीत, कोरडे पडतात, पाणीही गळतं. सांगितलेले थेंब वेळेवर घाला आणि मोबाइल कमी बघा, स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापणी कमी मिटतो. कॉन्टॅक्ट लेन्स साधारण दोन आठवडे नको. काही आठवड्यांनी टाक्यांच्या रेषेवर पांढरे बारीक दाणे दिसले तर नखाने कोरू नका, दाखवायला या. नाकवाल्यांनी चष्म्याचं आधीच बघा. चार ते सहा आठवडे चष्म्याचं वजन नाकाच्या हाडावर टाकायचं नसतं, मग तो कपाळाला टेपने टांगावा लागतो किंवा गालांवर टेकेल असा आधार करावा लागतो.

दुसरा-तिसरा आठवडा: उदास व्हायला होतं

काळेनिळे डाग गेलेले, सुट्टी संपत आलेली, पण चेहरा ना जुना ना नवा. ऑपरेशनच्या वेळी सूज आणि मळमळीसाठी दिलेल्या स्टेरॉइडचा असर ओसरलेला असतो, बसून झोपल्याने झोप तुटक, व्यायाम बंद, आणि आरशात भलताच कुणी. "मी का केलं हे?" असं वाटतं. ज्यांचं ऑपरेशन उत्तम झालंय त्यांनाही वाटतं. १९६० मध्येच एका प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलंय की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. सवय लावायला २१ दिवस पुरतात असं हल्ली जे ऐकू येतं, त्याचं मूळ याच निरीक्षणात आहे. मूळ वाक्यात "कमीत कमी" होतं, ते कुठेतरी वाटेत गळलं.

या काळात करायच्या गोष्टी मोजक्या. आरसा दिवसातून दोनदा, सकाळी दात घासताना आणि रात्री औषध लावताना. भिंगाचा आरसा कपाटात. फोटो आठवड्यातून एकदाच, त्याच जागी, त्याच उजेडात. रोज काढलात तर फरक दिसत नाही आणि जीव टांगणीला लागतो. इंटरनेटवर इतरांचा "दिवस १४" बघत बसू नका, त्यांची कातडी वेगळी, ऑपरेशन वेगळं, लाइट वेगळा. कुणाकुणाला सांगायचं हे आधीच ठरवून टाका. सांगायचं नसेल तर एकच छोटं उत्तर तयार ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या. मात्र उदासी पंधरा दिवसांपेक्षा लांबली, किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बधिरपणा, मुंग्या आणि दाढी

कापलेल्या बारीक संवेदी नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. म्हणून बधिरपणा आठवड्यांत नाही, महिन्यांत जातो. फेसलिफ्टनंतर कानाची पाळी आणि गाल, नाकानंतर शेंडा आणि कधी वरचे पुढचे दात बधिर राहतात. मग मुंग्या येतात, खाज येते, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ जाते. नसा जाग्या होत असल्याची ती लक्षणं. तोवर गरम हेअर ड्रायर, केस सरळ करायचं यंत्र, जड कानातलं यांपासून जपा. भाजलं तरी कळणार नाही.

पुरुषांना एक गोष्ट सहसा आधी कुणी सांगत नाही. फेसलिफ्टमध्ये दाढीची कातडी मागे ओढली जाते, त्यामुळे केस कानाच्या अगदी कडेला, कधी कानामागेही उगवायला लागतात आणि तिथे दाढी करावी लागते. पहिले काही आठवडे ती करायची तर बधिर कातडीवर ब्लेड फिरवू नका. ट्रिमर वापरा, तोही आरशात बघत.

कामावर, व्यायाम, ऊन

बरं वाटतं आणि जखम भरली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आठवड्यानंतर टाक्याच्या रेषेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के, आणि तीन महिन्यांनंतर ती ८० टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते. बसून करायचं काम दहा दिवस ते दोन आठवड्यांत सुरू करता येतं. जोराचा व्यायाम, वजनं, पोहणं तीन ते सहा आठवड्यांनी, सर्जनला विचारून. नाकावर चेंडू किंवा कोपर बसू शकेल असे खेळ त्याहून खूप उशिरा.

टाक्यांची रेषा पहिले दोन-तीन महिने जास्तच लाल आणि टणक होते, मग फिकट व्हायला लागते. पूर्ण स्थिरावायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. जखम पूर्ण बंद झाली की एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन रोज लावा, नाहीतर व्रण काळा पडतो आणि तो काळेपणा हटायचं नाव घेत नाही. सिलिकॉन जेल सर्जन सांगतील तेव्हापासून. पूर्वी कुठल्याही जखमेवर कातडी जाड फुगून आली असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं.

हे दिसलं तर फोन नाही, थेट या

पापण्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यात अचानक जोराची कळ, डोळा पुढे आल्यासारखा, नजर अंधुक होत जाणं. यात मिनिटं मोजायची असतात, कारण डोळ्यामागे साठलेलं रक्त नजरेची नस दाबतं आणि नजर कायमची जाऊ शकते. मलमाची धूसरता डोळे पुसले, मिचकावले की हलते. ही हलत नाही.

फेसलिफ्टनंतर, विशेषतः पहिल्या २४ तासांत, चेहऱ्याची एकच बाजू झपाट्याने फुगणं, टणक होणं आणि ठणकणं. नेहमीची सूज दोन्हीकडे थोडीफार सारखी आणि हळूहळू येते. एका बाजूला रक्त साठत असेल तर ते काढावं लागतं, तेही लवकर, नाहीतर वरची कातडी दगावते.

नाकानंतर दोन्ही नाकपुड्या गच्च बंद होऊन आत वाढत जाणारी ठणक, ताप. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साठलं तर कूर्चा मरते आणि पुढे नाक खचतं. डोकं उंच ठेवून, शांत बसूनही १५ मिनिटांत लाल रक्ताची धार थांबली नाही तरी या. याखेरीज ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पू, कातडी काळपट-जांभळी पडत जाणं, एका पोटरीत दुखून सूज, दम लागणं. दम लागत असेल तर आमची ओपीडी शोधत बसू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

आणि निघताना हॉस्पिटलचा नंबर शोधत बसायला लागू नये म्हणून तो आधीच दाराजवळ कागदावर लिहून लावा. सोबतच्या माणसाला ही यादी वाचून दाखवा. औषधाच्या गुंगीत असलेल्या माणसाला स्वतःचं काही कळत नसतं.

मग निकाल कधी?

पापण्या: साधारण तीन महिन्यांनी. फेसलिफ्ट: ताण जाऊन चेहरा सैलावतो तो तीन ते सहा महिन्यांत. हनुवटी: तीन महिने ते सहा. नाक: मोठी सूज पहिल्या महिना-दोन महिन्यांत उतरते, पण शेंड्याची शेवटची सूज जायला वर्ष लागतं, जाड कातडीत दीड-दोन वर्षंही. त्याआधी काही खटकलं तर सांगा जरूर, फोटो काढून ठेवूया, पण लगेच पुन्हा कापायचा आग्रह धरू नका. कडक, सुजलेल्या कातडीवर दुसरं ऑपरेशन करणं अवघड असतं, आणि सुजेलाच खोट समजून कापलं तर खरी खोट तयार होते. म्हणून नाकाच्या दुरुस्तीसाठी बहुतेक सर्जन निदान एक वर्ष थांबायला सांगतात.

वर्ष झालं, सूज गेली, आणि तरीही खटकतंय, तर तो तुमचा हक्काचा प्रश्न आहे. आधी त्याच सर्जनकडे जा, कारण आत काय केलंय ते त्यांना माहीत असतं. तिथे समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्या. जाताना ऑपरेशनच्या नोंदींची प्रत आणि आधीचे फोटो मागून घ्या, ते मागताना ओशाळू नका. नाकात कूर्चा किती शिल्लक आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पडद्यातली संपली असेल तर कानातून घ्यावी लागते, कधी बरगडीतून. ती नोंद हातात नसेल तर हे नव्या सर्जनला ऑपरेशन टेबलवरच कळतं, आणि तुम्हाला शुद्धीवर आल्यावर.